कपडे बदलायची खोली

माझा स्वभाव संशयी. दादा म्हणतो, हिला आरशातसुद्धा कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटतं. म्हणू दे.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, हाडांची सर्जन आहे. मी त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. शिकताना तिला सगळ्यांनी बजावलं होतं, बाई गं, या कामाला पुरुषाचं मनगट लागतं. तिनं ऐकून घेतलं आणि हातोडा उचलला. आज खुबा बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तरी अवघड ऑपरेशन आलं की ते तिला न मिळता दुसऱ्याच कुणाकडे जातं. आणि आमच्या विभागाचे मोठे सर निवृत्त होणार होते; त्यांची खुर्ची अवघड ऑपरेशनं करणाऱ्यालाच मिळायची.

एकदा असंच अवघड काम आलं; सरांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं, आधी बसवलेला, बिघडलेला खुबा मॅडम बदलतील. सोमवारी सकाळी बघते तर फळ्यावर तिच्या धाकट्या सहकाऱ्याचं नाव.

“हे कधी ठरलं?” मी त्याला विचारलं.

“आत्ताच की, मघाशी,” तो म्हणाला. काय गोड हसला मेला! इथंच कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं.

मग मी लक्ष ठेवलं. कपडे बदलायच्या दोन खोल्या. एकीवर ‘डॉक्टर’ अशी पाटी, तिथं सगळे पुरुष. वहिनी आम्हा सिस्टरांच्या खोलीत बदलते. ते हसतखिदळत आत जातात, हिरवे कपडे चढवून बाहेर येतात, तोवर कोण काय करणार ते ठरलेलं असतं.

“तुझं आपलं काहीतरीच,” वहिनी म्हणाली. पण पुढच्या अवघड केसच्या दिवशी तिनं त्या दारासमोर स्टूल ओढलं आणि ठाण मांडलं. आतला हशा थांबला.

“सावकाश या, सर. आजचं इथं बाहेरच ठरवू.”

सर नाडी बांधतच बाहेर आले. “अहो मॅडम, त्यात काय एवढं? तुम्हीच करा.”

ऑपरेशन तिनं असं केलं की मला भरूनच आलं. त्यानंतर त्या खोलीत सगळे गपचूप कपडे बदलू लागले. “बघ, सुधारले,” वहिनी म्हणाली. मला ती शांतता पटेना.

काल सरांची खुर्ची त्या धाकट्या सहकाऱ्याला मिळाली. कधी ठरलं विचारलं, तर जो तो म्हणतो, “अहो, सगळ्यांना माहीतच होतं.”

घरी येताना वहिनीनं विचारलं, “आता कुठं ठरवत असतील गं?”

तिच्या तोंडून हा प्रश्न मला कधीच ऐकायचा नव्हता.