रशीदभाईचा बिनसाखरेचा चहा

फोन दुपारी आला. रशीदभाईच्या मुलाचा, अस्लमचा. "काका, अब्बू गेले..." एवढंच बोलला. नंतर कळलं, दुपारची जोहरची नमाज पढून रशीदभाई दुकानात आला, अर्धवट भरलेल्या गादीला टेकून बसला आणि बसल्या जागीच गेला. मी फोन ठेवला आणि शांताला, माझ्या बायकोला, सांगितलं. लकवा झाल्यापासून ती पलंगालाच खिळलेली. उठायचं तर माझा हात धरून न्हाणीपर्यंत, तेही कुरकुरत. त्या दिवशी मात्र ती भिंत धरत, पाय ओढत एकटी स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मी ओरडलोच, "अवो, आता चहा कोनाले पाह्यजे? मले पिंपळगावले निघा लागते!" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साखरेचा डबा उघडला, भरून दोन चमचे साखर टाकली आणि रडत रडत ढवळत राहिली. मी चप्पल घालून निघालो. त्या चहाचं मला कळलं ते परत आल्यावर.

रशीद पिंजारी हा माझा लहानपणापासूनचा दोस्त. पिंपळगाव राजात त्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान आमच्या शाळेच्या वाटेवर होतं. शाळा सुटली की आम्ही दोघं दप्तरासकट कापसाच्या ढिगात. त्याचे वडील धनुष्यासारख्या पिंजणाची तार ठोकायचे, टुंग टुंग आवाज चालू असायचा आणि खोलीभर कापूस उडायचा. गावरान कापूस होता तो, आखूड धाग्याचा, पिंजला की असा फुलायचा की त्यात बसलेलं पोरगं दिसू नये. त्या ढिगात मला जी झोप लागायची तशी नंतर आयुष्यात कधी लागली नाही, खरं सांगतो. घरी गेलो की आई केसांतले तंतू झटकत म्हणायची, "आले, पिंजाऱ्याचे धाकटे चिरंजीव!" पुढे मी शिकलो, नांदुऱ्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्राचा मास्तर झालो. रशीद वडिलांच्या जागी बसला. सकाळी आखाडा, दिवसा दुकान. आणि दर बाजारच्या दिवशी नांदुऱ्याला माझ्या दारात सायकल टेकवून, "जयभीम मास्तर, हायेस का घरात?"

मग बीटी कपाशी आली. त्याआधी प्रत्येक घरी वेचणीतला थोडा कापूस अंथरुणा-पांघरुणासाठी बाजूला ठेवत. लेकीच्या लग्नातली गादी घरच्या कापसाची, हा मान होता. बीटीचा कापूस गाडीत भरला की थेट जिनिंग कारखान्यात. शिवाय त्याचा धागा लांब, गादीत गोळे धरणारा. रशीद कुरकुरायचा, "दिसाले लय देखना हाय मास्तर, पन याच्यावर झोपनारा सकाळी पाठ धरून उठते." शेतात जिकडेतिकडे कापूसच झाला; कपाशीच्या ओळींमध्ये, तासातासात, पेरलेली ज्वारी, अंबाडी, जवस दिसेनाशी झाली. सुरुवातीची सालं बरी गेली. पुढे कधी पाऊस दगा द्यायचा, कधी बोंडअळी. नव्या गाद्या कोणी भरेना. जुन्याच पुन्हा पिंजायला लोक रशीदला घरी बोलवत. पिंजण सायकलला बांधून तो पार धामणगाव बढेपर्यंत जायचा. आणि ज्या घरी जाईल त्या घरी चहा.

आखाडा सुटला तसं रशीदचं पोट सुटलं. खामगावच्या डॉक्टरनं सोनोग्राफी करून सांगितलं की लिव्हरवर चरबी आहे, सांभाळा, नाहीतर पुढे अवघड आहे. या बहाद्दरानं तूप सोडलं, मटण सोडलं, बायकोला, जुलेखाला, सांगून फोडणीचं तेलसुद्धा सोडलं. पुन्हा तपासलं तर चरबी वाढलेली! तणतणत माझ्याकडे आला.

"मास्तर, जुलेखा पान्यात भाजी शिजवून राह्यली. तेलाचा थेंब नाही पोटात. मंग ही चरबी येते कुठून? हवेतून?"

"तूच बनवून राह्यला बे," मी म्हणालो.

 मग मी त्याला बारावीच्या पोरांसारखं समोर बसवलं. म्हटलं, चरबी खाल्ली तरच अंगावर चढते हा गैरसमज डोक्यातून काढ. तू साखर खातोस. शरीर लागेल तेवढी जाळतं, थोडी उद्यासाठी ठेवतं. त्याउपर जी उरते तिचे लिव्हर बारीक बारीक तुकडे करतं आणि ते दोन-दोन कार्बननं एकापुढे एक जोडत जातं. जोडून जोडून लांब साखळी होते, तिला आम्ही मेदाम्ल म्हणतो. अशा तीन साखळ्या एका खुंटीला बांधल्या की झाली चरबी. ती रक्तातून पाठवायची आणि पोटाभोवतीच्या पेशींत भरून ठेवायची, अडीअडचणीला. अंग कष्टाला लागलं की तीच साखळी पुन्हा दोन-दोननं कापत जाळायची. आखाड्यात होतास तेव्हा रोज कापली जायची. आता नुसती भरती चालू आहे.

रशीदचा चेहरा उजळला. "म्हन्जे लिव्हर पिंजारी हाय, अन् पोट म्हन्जे गादी!"

"हाव."

"अन् गाद्या तट्ट भरल्या का उरलेला माल दुकानातच पडून राह्यते."

"तोच तुह्या सोनोग्राफीत दिसून राह्यला. सांग आता, चहा किती पेतो?"

तो जमिनीकडे पाहायला लागला. म्हणाला, "बाकी काही सांग मास्तर, चहा सुटत नाही." मी भडकलो. मी चिडखोर माणूस आहे, शिकवलेलं कोणी ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ज्या घरचं पीक गेलं ना, त्या घरची बाई पदरानं कप पुसून चहा देते. साखर जरा जास्तच टाकते. नको म्हटलं का तिचं तोंड उतरते. तिले वाटते, याले आपलं घर बसलेलं दिसलं. तिच्याजवळ देयाले तेवढंच हाय रे... अन् मी तेबी नको म्हनू?"

 मी म्हटलं, डॉक्टरनं मना केलं म्हणून सांग. ते त्यानं करून पाहिलं होतं. "एका कपानं काय होते भाऊ?" म्हणून लोक दुसरा ओतत. मग काही दिवसांनी हा खुशीत आला. त्यानं तोड काढली होती. डॉक्टरचं कोणी ऐकत नाही, पण नवस मोडायला कोणी सांगत नाही! तो घरोघरी सांगायला लागला, "मन्नत मांगली हाय बाई. तुमच्या घरी कापूस पिकेपर्यंत तुमच्या घरची साखर खाईन नाही." मग बाई, म्हणे, बिनसाखरेचा चहा दोन्ही हातांनी आणून द्यायची.

"खोटारड्या!" मी म्हणालो.

"खोटं काऊन बे? सायकलवर बसलो का खरंच दुवा मांगतो मी."

आणि एका साली पिकलं की हो! पाऊस वेळेवर, अळी कमी, शेतं पांढरीशुभ्र. झाली रशीदभाईची पंचाईत. गावोगावचे निरोप, "भाऊ, कापूस घरी आला, चहा घ्यायले या." माझ्या ओसरीवर बसून तो पोट धरधरून हसला. "आता हे लोक मले मारून टाकतात मास्तर!" मी शिव्या घातल्या. पण तो प्रत्येक घरी गेला आणि बशीभर गोड चहा प्यायलाच. फक्त सायकल घरी ठेवून पायी गेला. वाटेत कोणी विचारलं, सायकल कुठं आहे, तर म्हणायचा, "दोन-दोननं कापत चाललो बाप्पा." विचारणाऱ्याला काय कळणार, कपाळ! त्या चालण्यानं पोट उतरलं. पुढच्या सोनोग्राफीत लिव्हर बरंच निवळलं होतं आणि तो कागद घेऊन मी कॉलेजात मिरवलो.

शांताला लकवा झाला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर पुन्हा चालायला लागेल. पण तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी समजावलं, रागावलो, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. रशीदनं तिच्यासाठी कुठून तरी गावरान कापूस मिळवून मऊ गादी भरून आणली आणि दर बाजारच्या दिवशी पलंगाशी बसून तिला छेडायचा, "भाभी, माही गादी किती दाबसान? उठत जा जरा." चहा मी करायचो. आमच्याकडेही तो बिनसाखरेचा घ्यायचा. मला मोठा अभिमान! म्हटलं, निदान माझ्या घरी तरी माझं शिकवणं पाळतो.

त्या दिवशी संध्याकाळी, मगरिबच्या नमाजनंतर, रशीदला माती देऊन मी घरी आलो. शांता ओट्याजवळ खुर्चीत बसली होती. चहाचा कप तसाच, वर बशी झाकलेली. मी बशी उचलली, गार चहावर साय धरली होती.

"त्याचा हाय तो," ती म्हणाली. "त्यानं मन्नत मांगली होती. भाभी सोताच्या पायानं उठून चहा करतीन तोच गोड पेईन, तोवर या घरची साखर हराम. तुमाले सांगू नोका म्हने. मास्तर म्हन्तीन, खोटारडा हायेस."

मग कळलं, मी फिरायला बाहेर पडलो की ती भिंत धरून उभी राहायची. आधी पलंगाजवळ, मग दारापर्यंत. नुकतीच ओट्यापर्यंत पोचली होती. "येत्या बाजारी देनार होती वो मी त्याले..." असं म्हणून ती ढसाढसा रडली. मीही रडलो. इतकी वर्षं पोरांना शरीर शिकवलं, पण शांताच्या पायात जोर कशानं येईल हे मला सुचलं नाही, ते रशीदला सुचलं.

आता दर बाजारच्या दिवशी शांता स्वतः उठून चहा करते. दोन चमचे साखर. तो मी पितो. डॉक्टरनं मलाही साखर कमी सांगितली आहे, आणि या कपातल्या साखरेचं पुढे काय होणार हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तुकडे होतील, जोडले जातील, पोटाच्या गादीत जाऊन बसतील. कप विसळून होतो न होतो तोच ती पदर खोचून दाराशी उभी राहते. आयुष्यभरात तिनं मला कधी मास्तर म्हटलं नव्हतं, ती रशीदची हाक. आता म्हणते. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं असतं, तिचा एक हात भिंतीला, दुसरा माझ्या खांद्यावर.

"चला मास्तर," ती म्हणते, "दोन-दोननं..."