सरांच्या वहीतला माणूस

आमचे सर अर्थशास्त्र शिकवायचे, पण कॉलेजच्या वार्षिक अंकातली मराठी पानं त्यांच्याकडेच असत, कारण शिक्षकांत मराठी लिहिणारे ते एकटेच. मूळचे कोकणातले. वापीत एकटे राहायचे आणि रोज सकाळी शेअरच्या इको गाडीने सिल्वासाला यायचे. वर्गात आले की आधी पाच मिनिटं खुर्चीत नुसते बसून राहायचे. मग हजेरी.

मराठी लिहिता येणारे आम्ही सहा-सात जण होतो. एका शनिवारी त्यांनी आम्हाला लायब्ररीत बसवलं आणि प्रवासावर लिहायला सांगितलं. लांब जायला पाहिजे असं नाही, घरून इथपर्यंत काय दिसतं तेच लिहा, म्हणाले. आणि नमुना म्हणून स्वतःची छोटी वही उघडली. गाडीत बसल्या बसल्या ते तिच्यात टिपत असत.

सुरुवातीला बंद पडलेल्या एका कारखान्याबद्दल होतं. फाटकावरचा वॉचमन अजून रोज पाणी मारून अंगण झाडतो, असं. मग त्यांनी पान उलटलं.

"दादऱ्याला एक माणूस चढतो. कानांत बोळे, हातात निळा धागा गुंडाळलेला डबा. माझ्या शेजारी जागा असली तरी मागच्या सीटवर अंग चोरून बसतो. दोनदा मी मागे वळून बोललो, त्याने खिडकीबाहेर पाहिलं. थकवा माणसाचं कुतूहल मारून टाकतो. या माणसाने जगाला दार लावून घेतलं आहे."

सगळ्यांना हे आवडलं. माझ्या बाजूची मुलगी हळूच म्हणाली, किती खरं आहे ना. मी मान हलवली.

डब्याची कडी महिन्यापूर्वी तुटली होती. तो निळा धागा मीच गुंडाळला होता. आप्पांनी कारखान्यातून आणलेला.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. अशा वेळी काय म्हणायचं असतं हे मला माहीत नव्हतं, अजूनही नीट माहीत नाही. पण सरांनी सांगितलं होतं की शुक्रवारी पानं छपाईला जाणार, त्यांचं हे टिपणही त्यांतच. एकदा छापलं की आप्पा कायमचे तसेच राहणार होते, दार लावून घेतलेले. मधला रविवार मी त्यातच घालवला.

सोमवारी सर जिन्यात भेटले. मी म्हणाले, "सर, तो बोळेवाला माणूस... ते माझे वडील आहेत."

सर पायरीवरच बसले. मी उभ्या उभ्याच भराभर सांगून टाकलं. की ते धाग्याच्या कारखान्यात मशीनवर असतात, बारा तास, आवाज एवढा की बाजूच्याशी खुणेने बोलावं लागतं, म्हणून सगळेच टाकाऊ धाग्याचे बोळे कानांत घालतात. रात्रपाळी सुटली की काढायचे विसरतात, म्हणून तुमचं बोलणं त्यांना ऐकूच गेलं नसेल.

सरांनी वही काढून ते पान उघडलं. म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. मी तरी सकाळी कुठे पुरता जागा असतो." मग वही माझ्या हातात दिली. "त्यांना वाचून दाखव. ठेवायचं की काढायचं, ते सांगतील तसं."

त्या संध्याकाळी आप्पा कामावर निघायच्या आधी मी वाचून दाखवलं. हल्ली त्यांच्याशी मोठ्यानेच बोलावं लागतं, त्यामुळे चाळीतल्या निम्म्या लोकांनी ऐकलं असणार. आई भाकरी थापता थापता थांबली. आप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. दाराचं वाक्य आलं तशी त्यांनी मान डोलावली.

"बरोबर लिहिलंय सरांनी," ते म्हणाले.

मी म्हणाले, बरोबर कसं, तुम्ही तर बोळे काढायला विसरता.

"विसरत नाही. गेटवरच काढतो. गाडीत सर दिसले की परत घालतो."

ते सरांना पहिल्या दिवसापासून ओळखत होते. माझ्या अॅडमिशनला आप्पा कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे होते, तेव्हा मीच बोट दाखवून सांगितलं होतं, ते आमचे सर. मी विसरून गेले होते.

"अंगाला तेलाचा वास मारतो बेटा, धाग्याला लावतात ते. बारा तासांनी तोंडातून शब्द सरळ निघत नाही. आणि ते विचारतील, मुलगी काय शिकते. मला तुझ्या विषयाचं नावपण सांगता यायचं नाही."

मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं मी मनात म्हणून पाहिलं, पण ते पटेना. मग सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. अर्थशास्त्र, अर्थशास्त्र.

डबा घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले. "छापू दे त्यांना. फक्त ते कुतूहल मेल्याचं काढायला सांग. रोज मागून बघतो मी, काय लिहितात एवढं ते. अक्षर फार बारीक आहे."

दुसऱ्या दिवशी सरांना मी हे जसंच्या तसं सांगितलं, वासाचं सोडून. त्यांनी पेन काढून ते एक वाक्य खोडलं. त्याच्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. बाकीचं तसंच छापून आलं.

वाक्य खोडलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सरांना ताप होता, शनिवारपर्यंत आलेच नाहीत. पुढचा आठवडा आप्पांची दिवसपाळी. रात्रपाळी परत लागली तेव्हा पहिल्याच सकाळी ते घरी आले आणि पाय न धुताच खाटेवर बसले. म्हणाले, आज सरांनी सरकून जागा केली, मग मधल्या सीटवर बसावं लागलं.

मी विचारलं, काय बोललात?

"काही नाही. सर झोपले. मीपण झोपलो." सिल्वासात किलवणी नाक्याला ड्रायव्हरने दोघांना हलवून उठवलं होतं आणि वर ऐकवलं होतं, की काका, तुम्ही घरी जाऊन झोपा, आणि साहेब, तुम्ही कॉलेजात.

"आणि बोळे?"

आप्पांनी शर्टाचा खिसा चाचपला. दोन्ही तिथेच होते. मग ते आडवे झाले.