भुवनाची सर्व्हिस

माझी भाची भुवनेश्वरी आज तिरुवैयारूच्या शाळेत पोरींना बॉल बॅडमिंटन शिकवते. पोरी हरून रडायला लागल्या की ही त्यांना पाणी पाजते आणि पुन्हा कोर्टावर उभं करते. लोक म्हणतात, बाईंचा स्वभावच शांत. शांत कसला डोंबलाचा! त्या शांतपणानं वर्षभर माझा जीव कसा टांगणीला लावला होता, ते मला विचारा.

त्र्याण्णव साल. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत नुकतीच केबल आली होती. आखूड स्कर्ट घालून टेनिस खेळणाऱ्या पोरी माझ्या भावानं, सूर्यनारायणानं, त्यावर पाहिल्या आणि भुवनाचा खेळ बंद करायला निघाला. पोर पंधराची, जिल्ह्याच्या संघात जायचं म्हणून झपाटलेली. मीच मधे पडले. म्हटलं, वयात आलेली मुलगी आहे, परकरावर दावणी घेऊन खेळेल. अंगभर अर्धी साडी असली की कोण नावं ठेवणार? दादा मानला. मला वाटलं, केवढी मी शहाणी!

निवडीच्या सामन्यात शेवटचा एक गुण हवा होता, सर्व्हिस भुवनाची. मला एका जागी उभं राहवेना. तेवढ्यात वारा सुटला आणि दावणीचा पदर उडून रॅकेटभोवती गुंडाळला गेला. फॉल्ट. दुसऱ्या वेळी बिचकली, लोकरीचा पिवळा चेंडू जाळ्यात. मग सर्व्हिस समोरच्या संघाकडे गेली, सामनाही गेला, संघातलं नावही.

दोन दिवस तिनं रॅकेटला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी परसात ठप, ठप. पदर कमरेला खोचून भिंतीवर सर्व्हिस मारत होती. वर्षभर हेच. मी तांदूळ निवडायला बसले की सूप हातातून निसटायचं. दावणीची अट माझी, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण पोर तोंडातून ब्र काढेना, आणि मला अन्न गोड लागेना.

पुढच्या निवडीच्या आदल्या दिवशी मी दादाची ऑफिसची पँट कापली आणि तिच्या मापाची शिवली. दादानं घर डोक्यावर घेतलं. घेऊ दे म्हटलं, पोरीला लग्नाकार्यात नेसायची असेल तर दावणी कपाटात आहे.

पँट घालून ती खेळली, आणि पुन्हा हरली. ऐन वेळी सर्व्हिस रेषेबाहेर गेली. यादी वाचली, त्यात नाव नाही. एवढं करून काय मिळवलं मी? समजूत घालायला धावत गेले, तर ही मनगट फिरवून बघत होती.

"आत्या, आजची चूक माझी आहे," ती म्हणाली. "मनगट लवकर वळलं. ही मला सुधारता येईल. गेल्या वर्षीची येत नव्हती."

वर्षभर अडलेलं बोलणं तेवढ्यात आटोपलं. मला रडू आलं, तिला नाही आलं. बसला अवकाश होता. रिकाम्या कोर्टावर ती पुन्हा सर्व्हिस मारायला लागली, आणि मी पलीकडे उभी राहून चेंडू उचलून देत राहिले.