खिडकीवरच्या माश्या

"दिवसभर माश्या मारत बसतेस," असं नवरा चिडवायचा. "मारत नाही, ओळखते," मी म्हणायचे. नागपूरच्या कॉलेजात चौदा वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आल्यावर स्वयंपाकघराच्या काचेवरच्या माश्यांचे फोटो काढू लागले. इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर ते टाकायचे, त्यांची कुळं ओळखायची, इतरांनाही सांगायची. काचेचा एक फायदा असतो. मागून उजेड येतो, पंखांच्या शिरा स्वच्छ दिसतात.

हे आपलं सांगायला. खरं कारण वेगळंच होतं. या गावात गाडीवाचून पान हलत नाही आणि ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी तीनदा नापास झाले होते. तिसऱ्या वेळी राउंडअबाउटवर गाडी बंद पडली, मागे हॉर्न वाजायला लागले आणि मला ती पुन्हा सुरूच करता येईना. तेव्हापासून पायीसुद्धा बाहेर पडवेना. नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, "टेस्ट बुक केलीस?" मी म्हणायचे, "स्लॉटच अव्हेलेबल नाही रे."

मार्चमध्ये काचेवर एक इवलीशी काळी माशी दिसली. घरात बहुधा खिडक्यांवरच सापडणारं माश्यांचं एक कूळ आहे. मी बेधडक तेच नाव ठोकून दिलं. ग्रुपवर एक निवृत्त गृहस्थ आहेत, चुका फार हळुवारपणे काढतात. त्यांनी लिहिलं, कूळ चुकलंय. पंखाच्या पुढच्या कडेच्या दोनतीनच शिरा ठळक आहेत, पाठीला बाक आहे, ही कुबड्या माश्यांतली. सापडली कुठे यावरून कूळ ठरवू नये.

हेच वाक्य मी दर वर्षी पोरांना फळ्यावर लिहून द्यायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! माझे कान तापले.

खाली आणखी दोन ओळी होत्या. खिडकीवरच्या माश्या खिडकीत राहत नसतात, बाहेर पडायला धडपडतात म्हणून तिथे दिसतात. आणि तुमचे सगळे फोटो एकाच काचेवरचे कसे?

आधी राग आला, मग रडू. ती एवढीशी माशी निदान धडपडत तरी होती.

संध्याकाळी नवरा दारात बूट काढत होता. "टेस्ट बुक केलीस?"

"मी स्लॉट कधी बघितलेच नाहीत," मी म्हणाले. "एकदाही नाही. मला दाराबाहेर पाऊल टाकायचीच भीती वाटते."

एक बूट त्याच्या हातातच राहिला.