न्वान्ने किती लांबचा?

"आडनाव वेगळं, अधिकारपत्र नाही, आणि तू सहा इंजिनं देऊन मोकळी झालीस?"

"सर, तो उझोमाचा न्वान्ने आहे."

"म्हणजे?"

"भाऊ."

"सख्खा?"

"ते त्यांच्यात विचारत नाहीत."

"मी विचारतोय ना, प्रमिला!" अरुण सरांनी टेबलावर हात आपटला. "सख्खा, चुलत, मावस, की नुसता गाववाला? कुठे तरी रेघ असेल!"

रेघ नव्हतीच, हीच तर पंचाईत. दुबईत, रास अल खोरच्या त्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात प्रमिला आठ वर्षं कागदपत्रं सांभाळत होती. नायजेरियाचे इग्बो व्यापारी चहा घेता घेता तिला शब्द शिकवत. 'आका' म्हणजे हात. पंजा की दंड? बोटांपासून खांद्यापर्यंत सगळाच आका. न्वान्ने मुळात आईचं लेकरू, पण ताणत नेलं की अख्ख्या गावाला पुरणारं. म्हणून काल उझोमा या जुन्या गिऱ्हाइकाच्या जागी इकेन्ना नावाचे पन्नाशीचे गृहस्थ आले, तेव्हा तिने नातं विचारलंच नाही.

"उझोमाची आई कशी आहे?" एवढंच विचारलं.

"उजवा गुडघा धरलाय. ऑपरेशन सांगितलंय, पण ऐकते कुठे!"

गेल्याच महिन्यात उझोमाने आईसाठी गुडघ्याचा पट्टा नेला होता. खूण पटली, प्रमिलाने गेटपास फाडून दिला. पत्र मागायचं राहिलंच. आणि उझोमाचा फोन कालपासून बंद.

२००९ चा मार्च. तिच्या नवऱ्याची, सुरेशची, नोकरी जानेवारीतच गेलेली. आता हिची गेली की व्हिसा खलास, लेकीची, तनयाची, शाळा खलास, महिन्याभरात पुण्याचं विमान.

"उझोमाने 'माझा माणूस नाही' म्हटलं, तर उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला.

"मॅडम! विमान अदिस अबाबाला अडकलं होतं, आत्ता लागोसला उतरलो. इंजिनं मिळाली, इकेन्नाचा निरोप आलाय. थँक यू!"

सर फोनवर ओणवे झाले. "मिस्टर उझोमा, तुम्हा दोघांचे वडील एकच?"

"नो."

"आई?"

"नो, नो."

"आजोबा तरी?"

पलीकडे तो खदखदून हसला. "बॉस, माझा न्वान्ने आहे तो! आणखी काय पाहिजे?"

 सरांच्याच बाटलीतलं पाणी प्रमिलाने गटागटा पिऊन टाकलं. सरही कपाळ पुसत हसायला लागले.

"वाचलो बाई! पुढच्या वेळी पत्र घे, काय?" मग आवाज उतरला. "आणि ते... रागात बोललो मी. उद्या येशील ना?"

"येते ना, सर," म्हणत तिने पर्स खांद्याला अडकवली, नोकरी टिकल्याचं सांगायला सुरेशचा नंबर लावला आणि दार ढकलून बाहेर पडली.