प्लास्टिकचं पिस्तूल आणि कोरं टार्गेट

हसणार नाही असं वचन देऊ नका, हसालच. घरचे अजून हसतात. माझं म्हणणं एवढंच की पूर्ण ऐका आणि मग हसा. अर्धवट ऐकलंत तर तुम्हाला वाटेल, चूक पिस्तुलाची होती. मलाही पहिले काही दिवस अगदी तसंच वाटत होतं, आणि मी ते सरकारी कागदावर लिहूनही दिलं होतं.

घरोघर रंगीत टीव्ही यायला लागले होते, त्या वर्षांतली गोष्ट. नागपूरहून खापरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या सुरक्षा दलाचं ट्रेनिंग सेंटर होतं. तिथलं शस्त्रागार माझ्या ताब्यात. नव्या पोरांना नेमबाजी शिकवायची तीही मीच. मी मूळचा खाप्याचा, पण वीस-बावीस वर्षं त्या सेंटरमध्ये काढलेली, त्यामुळे माझं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. साहेबांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे मला उस्ताद म्हणायचे. असं रोज कोणी म्हणायला लागलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं, ही पहिली अडचण.

त्या मे महिन्यात मुंबईहून सप्रे नावाचे एक गृहस्थ आले. एका परदेशी कंपनीच्या वतीने पिस्तूल दाखवायला. बरोबर सगळ्या परवानग्या, दोन छापील पुस्तकं आणि गळ्यात टाय. नागपूरच्या मे महिन्यात टाय. मला तिथेच त्यांची कीव आली.

पिस्तूल बाहेर काढलं आणि माझी कीव संपली. वरचा सरकता भाग आणि नळी पोलादाची, पण बाकी सगळा सांगाडा, मुठीसकट, प्लास्टिकचा. सप्रे म्हणाले, साधं प्लास्टिक नाही, पॉलिमर आहे. मी म्हटलं, आमच्याकडे बादलीलाही दुकानदार असंच काहीतरी म्हणतो, आणि ती अंगणात ठेवली की दुसऱ्या उन्हाळ्यात तडकते.

सेंटरचे साहेब साताऱ्याकडचे, शांत माणूस. ते म्हणाले, "उस्ताद, दोनच गोष्टी बघायच्या. नेम कसा लागतो आणि हाताळायला कसं आहे. मनात काही न ठेवता लिहा." मी हो म्हटलं. मन आधीच भरलेलं होतं, हे साहेबांना कोण सांगणार?

हाताळणीपासून सुरुवात केली. मी अर्धा तास सेफ्टी शोधली. सेफ्टी म्हणजे तो खटका, जो लावला की गोळी सुटत नाही. डाव्या बाजूला नाही, उजव्या बाजूला नाही. मागे घोडाही दिसेना. शेवटी सप्रेंनी दाखवलं की सेफ्टी चापातच आहे. चापाच्या मधोमध एक बारीक जीभ होती. बोटाने ती जीभ आणि चाप एकदम दाबला तरच गोळी सुटते, म्हणाले.

"आणि बोट लागलं तर?" मी विचारलं.

"लागलं, दाबलं, तर सुटणारच."

"मग ते सेफ्टी कायची, साहेब?"

सप्रेंनी छापील पुस्तक उघडून समजावलं. मी वहीत लिहिलं : सेफ्टी नाही.

दुसऱ्या दिवशी मी उन्हाची परीक्षा घेतली. गोळ्यांचं मॅगझिन काढून, नळी रिकामी आहे हे दोनदा तपासून, ते पिस्तूल भर दुपारी जीपच्या बॉनेटवर ठेवलं आणि तासभर सावलीत बसून त्याच्यावर नजर ठेवली. सप्रे शेजारी बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. मला खात्री होती की मूठ मऊ पडणार. तास झाल्यावर मी ऐटीत पिस्तूल उचललं. मूठ ठणठणीत होती. तापला होता तो पोलादी भाग, आणि मी दुसरा हात नेमका त्याच्यावर ठेवला. दोन बोटांना फोड आले. सप्रेंनी आपल्या बॅगेतून मलम दिलं. मी वहीत लिहिलं : उन्हात फार तापते.

आता गोळीबाराचा दिवस.

साहेबांनी त्याच वर्षी एक फतवा काढला होता की ऑफिसातल्या बाबू लोकांनीही वर्षातून एकदा रिव्हॉल्व्हरच्या सहा गोळ्या झाडायच्या. त्यांचा आणि माझा दिवस एकच आला. तीन नंबरचं टार्गेट माझ्या चाचणीला, चार नंबर हेडक्लार्क मेश्राम बाबूंना.

मेश्राम बाबू कुहीकडचे. वडील शेतमजूर होते, बाबू रात्रशाळेत शिकून टायपिंग पास झालेले. अक्षर मोत्यासारखं, आणि कागदावरच्या आकड्यांत चूक सापडली की जेवण सोडून बसणारे. बंदूक मात्र त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. हातात रिव्हॉल्व्हर दिलं तर त्यांनी ते दोन्ही हातांनी असं धरलं, जसा कोणी दुसऱ्याच्या घरचा काचेचा ग्लास धरतो.

माझी एक खाजगी गोष्ट इथे सांगावी लागते. जवळचं वाचायला मला नुकताच चष्मा लागला होता. तो मी घरीच लावायचो, कारण नेमबाजी शिकवणाऱ्याला चष्मा म्हटलं की पोरं काय बोलतील? पण या नव्या पिस्तुलाच्या पुढच्या टोकावर पांढरा ठिपका आणि मागच्या खाचेला पांढरी चौकट होती. ठिपका चौकटीत बसवायचा की नेम झाला. चष्म्याशिवाय मला दोन्ही मिळून दुधाचा डाग दिसत होता. म्हणून सगळ्यांकडे पाठ करून मी गुपचूप चष्मा चढवला. ठिपका एकदम लख्ख. मग पंचवीस मीटरवरची टार्गेटं मात्र काळी धूसर पुरचुंडी झाली. वरचे नंबर दिसेनात. काही हरकत नाही, डावीकडून मोजली : एक, दोन, तीन.

दहा गोळ्या मी सावकाश झाडल्या. खरं सांगतो, पिस्तूल हातात छान बसत होतं. धक्का कमी, चाप दर वेळी सारखाच. मला मनातून ते आवडलं, आणि त्याचाच राग आला.

गोळीबार थांबल्याची शिट्टी झाली. चष्मा खिशात घातला आणि सगळ्यांबरोबर टार्गेटपाशी गेलो. तीन नंबरवर एक भोक नाही. कागद जसा लावला तसा. सप्रे मागे येऊन उभे होते. त्यांचा चेहरा त्या कागदाहून कोरा झाला.

तेवढ्यात शेजारून गलका झाला. मेश्राम बाबूंच्या टार्गेटवर मधल्या वर्तुळात गोळ्यांचा असा झुपका होता की वर वाटी ठेवली तर झाकला जावा. साहेब स्वतः आले, बाबूंच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "बाबू, इतकी वर्षं टाइपरायटरमागे काय करत होतात?"

बाबू हसले नाहीत. ते टार्गेटाजवळ वाकून बोटाने भोकं मोजत होते. मोजून सरळ झाले आणि म्हणाले, "साहेब, मले सहाच गोळ्या भेटल्या होत्या. ही अकरा भोकं आहेत."

दुसरा कोणी असता तर थाप घेऊन घरी गेला असता. पण आकडा चुकला की हा माणूस गप्प बसत नसे.

आणि आता ऐका, मी काय केलं ते. माझ्या कोऱ्या टार्गेटकडून सगळ्यांचं लक्ष उडवायला मला आयतं कारण मिळालं. मी मोठ्याने विचारलं, "मग पाच गोळ्या जास्तीच्या आल्या कुठून?"

रेंजवरच्या सगळ्यांनी बाबूंकडे वळून बघितलं. आमच्या नोकरीत हा प्रश्न साधा नाही. एक गोळी कमी-जास्त झाली तरी चौकशी बसते, माणूस घरी बसतो. रिव्हॉल्व्हरची गोळी आणि या पिस्तुलाची गोळी जाडीला जवळपास सारखीच, भोकावरून फरक कळत नाही, त्यामुळे दुसरा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्या तर नाहीच नाही.

साहेबांनी साठा मोजायला सांगितला. ती सगळी दुपार मी शस्त्रागारात पत्र्याखाली बसून रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांचे डबे मोजले. हिशेब चोख. एकही गोळी कमी नाही. शहाणा माणूस इथे थांबून विचार करतो. मी साहेबांना जाऊन सांगितलं की साठ्यातल्या नाहीत, म्हणजे बाबूंनी बाहेरून आणल्या असतील.

बाबूंना हे कळलं तेव्हा ते टेबलावर माझाच अहवाल टाइप करत होते.  उठले, ड्रॉवर ओढून पूर्ण बाहेर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत कार्बन पेपर, चुन्याची डबी आणि पोरीचा शाळेचा दाखला.

"पाहून घ्या, उस्ताद," एवढंच म्हणाले.

मी नजर दुसरीकडे वळवली, पण मागे हटलो नाही. अहवालात मी लिहिलं होतं की नागपूरच्या उष्णतेने प्लास्टिकचा सांगाडा वाकतो, नळीची दिशा बदलते आणि पंचवीस मीटरवर हे पिस्तूल भिंतीलाही लागणार नाही. बाबूंनी शब्दन् शब्द टाइप केला. स्पेलिंगं तेवढी दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी आम्हा तिघांना, म्हणजे मला, बाबूंना आणि सप्रेंना बोलावलं. सप्रेंची बॅग भरलेली होती. रात्री त्यांनी मुंबईला ट्रंक कॉल लावून वाईट बातमी दिली होती, आणि त्यांच्या वरिष्ठांनी काय सुनावलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. बाबूंच्या हातात माझा अहवाल आणि एक चिठोरा होता. साहेबांनी विचारलं, बाबू, तुम्हाला काही सांगायचंय का?

बाबूंनी चिठोरा टेबलावर ठेवला. "साहेब, रात्रभर बेरीज करून राहिलो. उस्तादच्या दहा गोळ्या गेल्या, एकही नाही लागली. माह्या सहा गेल्या, अकरा लागल्या. दोघांच्या मिळून सोळा. माह्या पाच तर आभाळातच गेल्या, हे मले तेव्हाच समजलं होतं. एक कोपऱ्यात लागली. म्हणजे मधातल्या दहा कोणाच्या, हे तुम्हीच सांगा."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. सप्रेंनी बॅग खाली ठेवली.

मी भडकलो. बावीस वर्षं नेमबाजी शिकवणारा माणूस शेजारच्याच्या टार्गेटवर गोळ्या मारेल? मी म्हटलं, "चला रेंजवर. सगळ्यांसमोर मारून दाखवतो."

साहेब चला म्हणाले. गेलो. पिस्तूल भरलं, पाठ फिरवून चष्मा चढवला. डावीकडून एक, दोन, तीन. तीन गोळ्या झाडल्या, पिस्तूल खाली ठेवलं आणि वळून साहेबांकडे बघितलं. साहेब दुर्बिणीतून बघत होते. खूप वेळ बघत होते. मग त्यांनी दुर्बीण बाबूंच्या हातात दिली.

बाबू हळूच म्हणाले, "चारावर लागल्या, उस्ताद. मस्त लागल्या."

मी चष्मा काढला. टार्गेटांवरचे नंबर आता स्पष्ट दिसले. पहिल्या फ्रेमवर दोन लिहिलं होतं, मग तीन, मग चार. एक नंबरची फ्रेम जागेवर नव्हतीच. तिच्या लाकडाला वाळवी लागली म्हणून ती सुताराकडे गेली होती. पाठवली कोणी? मीच. चिठ्ठीवर सही माझी.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की आधी बाबूंची माफी मागा. मी मागितली. हात जोडून, सगळ्यांसमोर.  बाबू म्हणाले, "जाऊ द्या गा उस्ताद. आकडा जमला न." आणि खरोखर, त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब जुळल्याचं समाधान होतं. मला त्याचीच जास्त लाज वाटली. सप्रेंनी माझा हात हातात घेतला, फोड आलेलाच, आणि इतक्या जोरात दाबला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, मला भरून आलं.

दुपारी नवा अहवाल तयार झाला. मी सांगत गेलो, बाबू टाइप करत गेले. नेम उत्तम. हाताळणी उत्तम. उन्हाचा सांगाड्यावर परिणाम नाही. सेफ्टी आहे. शेवटी छापील फॉर्ममध्ये एक ओळ होती : दोष आढळल्यास कुठे? शस्त्रात, गोळीत की वापरणाऱ्यात? बाबूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहा, वापरणाऱ्यात. त्यांनी टकटक करून टाइप केलं, कागद ओढून काढला आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

चष्म्याचा इतका वैताग आला होता की तो मी खिशातून काढलाच नाही. पेन घेतलं आणि एका दमात झोकदार सही ठोकली.

बाबूंनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि मशीनमध्ये नवा कोरा कागद चढवायला लागले.

"काहून, काय झालं?" मी विचारलं.

"सही मस्त आहे, उस्ताद," ते म्हणाले. "पण ही जागा साहेबाची होय. तुमची बाजूची."