ऑइलपेंटचा देव

आता तुम्ही हसणारच, म्हणून मीच आधी सांगून टाकते. हातात आलेला कुकर मी स्वतः घालवला. तोही हात जोडून!

तेव्हा आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहायचो. मुलांच्या शाळेची सहल सातपुड्याच्या पायथ्याशी निघाली. तिथं म्हणे पूर्वी तांब्याची खाण होती. आता नुसत्या पडक्या भिंती, भट्ट्या आणि खड्डे! आयांनाही बोलावलं होतं. गुरुजींनी आमच्यासाठी खेळ ठेवला. चिठ्ठ्या वाचत जायचं आणि लपवलेला डबा हुडकायचा. जिला सापडेल तिला प्रेशर कुकर! माझी तिसरीतली वैशाली सगळ्यांना सांगत सुटली, "माझी आई सातवी शिकलीय, तीच जिंकणार!"

मग काय! धाकट्याला कडेवर घेतलं आणि पळाले. खड्डा दिसला की छातीत धडधड, चिठ्ठी दिसली की दुप्पट धडधड! शेवटच्या चिठ्ठीत होतं, 'मोठ्या भट्टीच्या मागे'. सगळ्यांच्या आधी मी पोचले.

बघते तर लालभडक दगड! बोट लावलं तर ओला! म्हणजे आजच कोणी शेंदूर लावून गेलंय. केवढा जागृत देव असेल! आणि आपण त्याच्या रानात लेकरं घेऊन धिंगाणा घालतोय? पिशवीत नारळ होताच. (लेकरं परमुलखात न्यायची, ती काय बिनानारळाची?) फोडला, हळदकुंकू वाहिलं.

मागून पारोळ्याच्या अक्का आल्या. "काय शे वं?"

"देव शे अक्का! पाया पडा. आणि कोणी हात लावू नका बरं!"

झालं! रांगच लागली. कोणी फूल वाहिलं, कोणी चिवड्याचा नैवेद्य दाखवला. मग तासभर सगळ्या आया भट्टीमागचा दगड न् दगड उलटताहेत, तेवढा एक सोडून!

शेवटी गुरुजी आले आणि कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, ही माझी खूण आहे! शाळेच्या बाकांचा ऑइलपेंट! डबा त्याच्याखालीच आहे!"

नारळ फोडलेला देव उचलायचा कोणी?

"मी नही वं माय!" अक्का मागं सरकल्या.

"आई, उचल ना!" वैशाली ओरडली.

कुकर डोळ्यांपुढं शिट्ट्या द्यायला लागला. पण म्हटलं, आधी माफी मागावी. डोळे मिटले. 'देवा, चूकभूल पोटात घाल, लेकरं सांभाळ...'

डोळे उघडले तर दगड बाजूला आणि डबा आमच्या शेजारच्या शकूताईंच्या हातात!

"अहो, भीती नाही वाटली?"

"आम्ही बौद्ध माणसं, वहिनी, दगडाला कुठं देव मानतो? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तासभर हात लावला नाही. आता गुरुजीच म्हणाले ना, रंग आहे!"

घरी आल्याबरोबर ह्यांनी विचारलं, "काय गं वैशू, जिंकली का आई?"

"खजिन्यापाशी आईच पहिली पोचली होती, बाबा," ती म्हणाली. "पाया पडून परत आली!"